कॅमेरे दिसतात, नोंद दिसत नाही

चोरी झालेल्या दुकानात पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, कॅमेरे आहेत का? संगमनेरात आता त्याचं उत्तर बहुधा ‘आहेत’ असंच येतं. अडतं ते दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे फुटेज मागितल्यावर. मग कळतं की डिस्क कधीच बंद पडली होती, किंवा यंत्राचं घड्याळ अडीच तास पुढे होतं, किंवा पासवर्ड फक्त कॅमेरे बसवून गेलेल्या मुलाला ठाऊक होता. चोर जाणते असतील तर जाताना रेकॉर्डरच काखोटीला मारून गेलेले असतात. कॅमेरा भिंतीवर दिसतो, म्हणून तो निवडताना घासाघीस होते. त्यामागचा रेकॉर्डर माळ्यावर किंवा गल्ल्याखाली जातो आणि विसरला जातो. या सगळ्या व्यवहारात विकत घ्यायची वस्तू खरं तर तो रेकॉर्डर आहे.

संगमनेरला कॅमेऱ्यांचं गिऱ्हाईक किती तऱ्हांचं आहे! पुणे-नाशिक महामार्गावरचे पंप आणि हॉटेलं, पेठेतले सराफ, गल्लोगल्लीच्या पतसंस्था, मार्केट यार्डातले आडते, दूध संकलन केंद्रं, बाहेरगावच्या मुलांची वसतिगृहं. प्रवरेच्या दोन्ही अंगांना उसात वसलेल्या वस्त्याही त्यात आल्या. वस्तीवरच्या माणसाला चोरापेक्षा बिबट्याची धास्ती जास्त. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून अभ्यास केला होता. माणसांची दाट वस्ती असलेल्या त्या शेतीपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आहेत, असा त्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यामुळे गोठ्यावर कॅमेरा बसवणं ही इथे चैन राहिलेली नाही. पण सराफाची गरज, दूध केंद्राची गरज आणि वस्तीची गरज वेगवेगळी असताना तिघांच्या हाती तोच आठ कॅमेऱ्यांचा संच पडतो. निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला येतात.

जुन्या पद्धतीत कॅमेऱ्याची तार थेट डीव्हीआर या रेकॉर्डरला जायची आणि चित्राचं अंकीकरण त्या डब्यात व्हायचं. नव्या पद्धतीत कॅमेरा स्वतःच छोटा संगणक असतो. तो चित्र दाबून, आवळून नेटवर्कवर सोडतो आणि एनव्हीआर हा रेकॉर्डर ते उतरवून घेतो. ॲक्सिस या स्वीडिश कंपनीने १९९६ साली पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आणला. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ओएनव्हीआयएफ हा सामाईक करार उभा केला, म्हणून आज एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. व्यवहारात हे जुळणं अर्धंमुर्धं असतं. चित्र येतं, पण हालचालीची सूचना येत नाही. आवाज येत नाही. कॅमेऱ्यात ओएनव्हीआयएफसाठी वेगळं युजरनेम तयार करावं लागतं आणि ते कोणी सांगितलेलं नसतं. नव्या पद्धतीचा खरा फायदा चित्राच्या स्वच्छतेपेक्षा मोठा आहे. रेकॉर्डर कॅमेऱ्यांजवळ असण्याची गरजच उरत नाही. दुकानाचा रेकॉर्डर वरच्या मजल्यावरच्या घरात, गोठ्याचा रेकॉर्डर राहत्या खोलीत कुलपात ठेवता येतो. तरीही तो गल्ल्याखालीच ठेवला जातो, कारण पडदा तिथे आहे!

आता डिस्क. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. हिशेब मात्र चौथीच्या गणिताचा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या दराने लिहीत असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८ जीबी. चार टीबीची डिस्क म्हणजे कंपनीच्या मोजणीने ४,००० जीबी, म्हणजे २३ दिवस. हाच दर ४ मेगाबिट ठेवला तर साडेअकरा दिवस. रेकॉर्डरमध्ये चित्र आवळायला एच.२६५ ऐवजी जुनं एच.२६४ राहून गेलं, की तशाच चित्रासाठी दर जवळपास दुपटीला जातो आणि ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग’ म्हणून घेतलेली डिस्क पंधरवडाही पुरत नाही. ग्राहकाला हे कळतं ते वीस दिवसांपूर्वीचा प्रसंग शोधायला गेल्यावर. रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. तो त्याचा दोष नाही, धर्म आहे. उलट काही यंत्रांत हे पुनर्लेखन बंद केलेलं असतं. डिस्क भरली की ती बिचारी गप्प बसतात आणि पडद्यावरचं थेट चित्र चालूच राहतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

डिस्कची जातही महत्त्वाची. वरच्या हिशेबाने आठ कॅमेरे वर्षाला सुमारे ६३ टीबी लिहितात. घरगुती संगणकाच्या नेहमीच्या डिस्कला कंपनी वर्षाला ५५ टीबीच्या आसपास कामाचा भार मान्य करते. निगराणीसाठीच्या खास डिस्कला, म्हणजे पर्पल किंवा स्कायहॉक या मालिकांना, तोच आकडा १८० टीबी आहे आणि त्या चोवीस तास फिरण्यासाठी बांधलेल्या असतात. जुन्या संगणकातली डिस्क काढून रेकॉर्डरला लावली की हजार-दोन हजार वाचतात. ती डिस्क सहा महिने चालते, कधी वर्षभर. नंतर ती एकदम मरत नाही. अधूनमधून लिहिणं चुकवते, प्लेबॅकच्या पट्टीवर तुटक तुकडे दिसू लागतात, यंत्र रात्री आपोआप बंद होऊन चालू होतं. त्यात रेकॉर्डर पत्र्याखालच्या माळ्यावर, लाकडी पेटीत, हवा न खेळता ठेवलेला असेल तर एप्रिल-मे त्याला जड जातात.

एक सूचना इथेच द्यायला हवी. पडद्यावर डिस्क ‘अनइनिशिअलाइज्ड’ असं दिसलं की घाईने इनिशिअलाइज किंवा फॉरमॅटचं बटण दाबायचं नाही. आधी वीज बंद करून डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल तपासायची, दुसरा ॲडॅप्टर लावून पाहायचा. बारा व्होल्टचा ॲडॅप्टर म्हातारा झाला की व्होल्टेज पडतं, डिस्कच्या तबकड्या पूर्ण गती घेत नाहीत आणि यंत्र तिला ओळखतच नाही. शेकड्यातल्या ॲडॅप्टरचं दुखणं हजारांच्या डिस्कच्या नावावर खपतं. चोरीनंतर अशा वेळी फॉरमॅट करणं म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसणं.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं, याला सगळ्यांसाठी एकच नियम नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने बँकांना लॉकरच्या खोलीत ये-जा करणाऱ्यांचं चित्रीकरण किमान १८० दिवस जपायला सांगितलं आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. चार कॅमेऱ्यांचे १८० दिवस म्हणजे वरच्याच दराने साडेपंधरा टीबी. आठ-आठ टीबीच्या दोन डिस्क जेमतेम पुरतात. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात १८ महिने, निदान एक वर्ष, असं बजावलं. मतदानाच्या चित्रीकरणासाठी निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये ४५ दिवसांची मुदत ठरवली आणि त्यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला. दुकानदाराला असं बंधन नाही. माझ्या मते त्याने तीस दिवस धरावेत. गल्ल्यातली तूट किंवा मालातला घोळ महिनाअखेरच्या हिशेबाला लक्षात येतो आणि तेव्हा पहिल्या आठवड्याचं चित्र हाती असावं लागतं.

तारा आणि वीज यांबद्दल बसवणारे सहसा बोलत नाहीत. पीओईमुळे एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जातात. २००३ च्या मानकानुसार स्विच एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो. पण आठ पोर्टांच्या स्वस्त स्विचची एकूण ताकद ६० वॉटच असते. दिवसा आठही कॅमेरे सुखात चालतात. अंधार पडला की प्रत्येकाचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी दहा-दहा वॉटपर्यंत चढते आणि दोन-तीन कॅमेरे गायब होतात. सकाळी दुरुस्तीवाला येतो तेव्हा सगळं ठीक! रात्रीच पडणारा कॅमेरा दिसला की आधी स्विचच्या मागचा वॉटचा आकडा वाचावा. दुसरा संशयित म्हणजे तार. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची कॅट-सिक्स सर्रास मिळते. ॲल्युमिनियमचा विरोध जास्त, म्हणून लांब तारेत वीज वाटेतच जिरते. शिवाय शंभर मीटरची मर्यादा आहेच. घर ते गोठा अंतर त्याहून जास्त असेल तर मध्ये स्विच टाकत बसण्यापेक्षा फायबर ओढावी. वैशाख-ज्येष्ठाच्या वळवात वीज कडाडते तेव्हा उघड्यावरून गेलेली तांब्याची तार सगळ्या यंत्रांचे पोर्ट एका क्षणात जाळू शकते. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. वस्तीवर फायबरसाठी दिलेले पैसे पहिल्याच वळवात वसूल होतात.

नेटवर्कच्या तक्रारींत दोनच मासले वारंवार भेटतात. पहिला पत्त्यांचा. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पक्के पत्ते दिलेले असतात आणि राउटर तेच पत्ते मोबाईलांना वाटत सुटतो. दिवाळीला पाहुणे आले, वायफायचा पासवर्ड वाटला गेला की अंगणातला कॅमेरा बंद, पाहुणे गेले की चालू. रेकॉर्डर बीप-बीप करून पत्त्यांची टक्कर सांगत असतो आणि घरचे त्या आवाजाला वैतागून बझर बंद करतात. राउटरची वाटपाची हद्द शंभराच्या पुढे सरकवली आणि कॅमेऱ्यांना त्याखालचे पत्ते दिले की काम भागतं. ज्या रेकॉर्डरच्या पाठीवरच पीओई पोर्ट असतात तो कॅमेऱ्यांसाठी आतल्या आत वेगळं जाळं उभारतो. हिकव्हिजनमध्ये त्याचे पत्ते १९२.१६८.२५४ चे, दाहुआमध्ये १०.१.१ चे. घरच्या संगणकावरून तो कॅमेरा सापडत नाही म्हणून तो बिघडला असं नव्हे.

दुसरा मासला, मोबाईलवर बाहेरून चित्र न दिसण्याचा. जुने कारागीर अजून पोर्ट फॉरवर्डिंग करू पाहतात. पण आजच्या बहुतेक घरगुती फायबर आणि जवळपास सगळ्या सिमच्या जोडण्यांत अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर बाहेरून दार उघडण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. तिथे कंपनीच्या ॲपचा मार्ग धरावा लागतो, त्यात रेकॉर्डर आतून बाहेर जोडणी करतो. दार उघडत नाही ही इष्टापत्तीच समजावी. ती का, ते पासवर्डाच्या प्रसंगात कळेल.

आधी घड्याळ. रेकॉर्डरच्या सगळ्या भागांत सर्वांत कमी किमतीचा आणि पुराव्याला सर्वांत महाग पडणारा भाग म्हणजे आतला बटण सेल. तो संपला की वीज गेल्यावर यंत्र थेट २००० किंवा १९७० सालात जाऊन बसतं. इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय चालू केली तरी एक मेख राहते. बरीच यंत्रं चीनच्या कालपट्ट्यावर, म्हणजे ग्रिनिचच्या आठ तास पुढे, लावून येतात. आपला पट्टा साडेपाच तासांचा. तो बदलला नाही तर यंत्र मोठ्या काटेकोरपणे अडीच तास पुढची वेळ दाखवतं. रात्री साडेअकराची चोरी दुसऱ्या दिवशी पहाटे दोनची ठरते.

वेळेचं हे प्रकरण किती दूर जाऊ शकतं, हे आपल्याच राज्यातल्या खटल्याने दाखवलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं आणि बाहेरचं चित्रीकरण हा कळीचा पुरावा होता. त्याच्या सीड्या मिळाल्या, पण कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवताना देशभरासाठी नियम स्पष्ट केला: मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल तर त्यातल्या नोंदीच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी चं प्रमाणपत्र हवंच. पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर त्याला न्यायालयाकडे दाद मागता येते.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडा, त्यात नोंदवायचं. म्हणून प्रसंग घडला की पडद्याचं मोबाईलने चित्रण करून व्हॉट्सॲपवर फिरवण्याची जी रीत पडली आहे, ती बातमीपुरती ठीक. पुराव्यासाठी रेकॉर्डरच्या बॅकअप पर्यायातून मूळ स्वरूपातली फाइल, तिच्या प्लेयरसकट, पेनड्राइव्हवर घ्यावी. यंत्राची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावा. घड्याळ चुकलेलं असेल तर उतरवून घेण्याआधी ते दुरुस्त करू नये, नाहीतर प्रसंगाच्या वेळी फरक किती होता हेच सिद्ध करता येत नाही.

पासवर्डाची गोष्ट जगभरची आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रणालीने कारखान्यातून आलेले साठ-एक नेहमीचे पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. इंटरनेटला थेट उघडलेला कुठल्याही तालुक्यातला रेकॉर्डर अशा फौजेत नकळत भरती होऊ शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतली स्त्रियांच्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. त्या बातमीनंतर आपल्याकडच्या दवाखान्यांनी किती पासवर्ड बदलले असतील, कोण जाणे. आणि तपासणीच्या खोलीत कॅमेरा मुळात हवाच कशाला?

खासगीपणाची दुसरी बाजू घराघरांतली. भावकीच्या वाड्यात, सामाईक अंगणात एकाने बसवलेला कॅमेरा दुसऱ्याच्या दारावर रोखलेला असतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. रेकॉर्डरमध्ये चौकटीचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते. ती वापरली तर बरेच तंटे कोर्टापर्यंत जाणार नाहीत.

सरकारने यंत्रांची बाजू आता थोडी कसली आहे. ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. स्वस्त, बिननावाचा माल त्यामुळे कमी होईल, पण आधी बसवलेले कॅमेरे भिंतीवर आहेतच. त्यांच्या फर्मवेअरकडे बघणारा कोणी नाही.

माझ्या समजुतीने खरी उणीव तांत्रिक नाही. मुंबई-पुण्याच्या शहरव्यापी यंत्रणांना नियंत्रण कक्ष आहेत, तिथे माणसं पाळ्यांनी बसतात. संगमनेरच्या दुकानात रेकॉर्डरकडे पाहणं हे कोणाचंच काम नसतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायला सांगितलं, त्याचा गाजावाजा झाला. त्याच निर्णयातली, आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासण्याची अट कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही. मला ती कॅमेऱ्याच्या सक्तीपेक्षा मोलाची वाटते. दुकानदाराने तीनदा नको, सोमवारी एकदा पाहिलं तरी चालेल. थेट चित्र नव्हे, प्लेबॅक. कालचं आणि सगळ्यात जुनं. डिस्क एकदा भरून गेल्यावर सगळ्यात जुनी तारीख गेल्या सोमवारपेक्षा सात दिवस पुढे सरकलेली हवी. जागची हलली नसेल तर पुनर्लेखन थांबलंय. सात दिवसांहून जास्त उडी मारली असेल तर लिहिण्याचा दर वाढलाय किंवा डिस्कचा काही भाग गेला आहे.

आणि बिल चुकवण्याआधी बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: ॲडमिनचा पासवर्ड, प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता आणि रेकॉर्डर ॲपमध्ये कोणाच्या मोबाईल नंबरावर नोंदवला आहे ते. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त नडते. कॅमेरे बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्याच नंबरावर नोंदणी करून देतो, पुढे पुण्याला किंवा नाशिकला नोकरीला लागतो, नंबर बदलतो. त्यानंतर मालकाला स्वतःचंच यंत्र आपल्या नावावर करून घ्यायला कंपनीकडे बिल, रेकॉर्डरच्या तळावरच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि अर्ज पाठवून वाट पाहावी लागते. तोवर मालकाच्या दुकानाचं थेट चित्र त्या मुलाच्या जुन्या खात्यात दिसत राहतं.